चिंचखारची आदर्श शांतता

मनुष्याच्या सर्व उद्योगांत गप्प बसणे हा उद्योग सर्वांत स्वस्त आहे. त्याला भांडवल लागत नाही, हत्यार लागत नाही, सरकारचा परवानाही अद्याप लागत नाही. असे असूनही आमच्या कल्याण तालुक्यात तो पद्धतशीर सुरू करायला विलायतेहून माणूस यावा लागला, यावरून आपला देश किती मागे पडला होता याची कल्पना येते. त्या गृहस्थांचे नाव जोसाया हॉब्सन. ते क्वेकर पंथाचे होते आणि मी त्यांचा दुभाषी होतो.

क्वेकर म्हणजे काय हे त्या काळी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून थोडक्यात सांगतो. हे लोक ख्रिस्ती, पण त्यांना पाद्री नसतो. प्रार्थनेला घंटा नाही, गाणे नाही, प्रवचन नाही. सगळे बाकांवर बसतात आणि गप्प राहतात. बसता बसता एखाद्याच्या आत उजेड पडला तर तो उठून चार शब्द बोलतो आणि खाली बसतो. मग पुन्हा सगळे गप्प. उजेड पुरुषाच्या आत पडेल की बाईच्या, धन्याच्या की गड्याच्या, याला बंधन नाही. लढाई त्यांना मान्य नाही, कोर्टातली शपथ मान्य नाही, मते मोजणेही मान्य नाही. सभेतला एक जरी माणूस नाखूश असला तरी ठराव होत नाही. (आमच्याकडे भाऊबंदांच्या वाटण्या याच पद्धतीने होतात, म्हणजे होत नाहीत.)

पंथातली आणखी एक कडक गोष्ट म्हणजे टोपी. देवाखेरीज कुणापुढे ती काढायची नाही. साहेबांच्या आजोबांच्या आजोबांनी एका न्यायाधीशापुढे टोपी डोक्यावरच ठेवली म्हणून तुरुंग भोगला होता, असे ते अभिमानाने सांगत. तोच निर्धार करून साहेब कल्याणच्या मामलेदारांपुढे टोपी घालून उभे राहिले आणि शिक्षेची वाट पाहू लागले. मामलेदार पागोटे घालून बसले होते. त्यांना फार बरे वाटले. उघड्या डोक्याने समोर येणाऱ्या साहेबांना ते विटले होते. डोके झाकून मान ठेवणारा गोरा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी साहेबांना विडा दिला.

तीच गत बोलण्याची. लहानथोर सारे एका पायरीवर यावेत म्हणून साहेब प्रत्येकाला 'तू' म्हणत. विलायतेत यावरून म्हणे डोकी फुटली होती. इथे कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण बाकीचे साहेबही आम्हाला तूच म्हणतात. अशा रीतीने ज्या ज्या गोष्टींपायी पूर्वजांनी छळ सोसला, त्या सर्व ठाणे जिल्ह्यात शिष्टाचारात जमा झाल्या. साहेब त्यामुळे मनातून जरा खट्टू असत.

पहिली मौनसभा माजिवड्याला झाली. साहेब काहीतरी वाटणार अशी बातमी असल्यामुळे दोनशे माणसे आली. दुसऱ्या खेपेला चाळीस. तिसऱ्या खेपेला मी, साहेब आणि एक बकरी. बकरी मध्येच बोलली. साहेबांनी तिचेही डोळे मिटून ऐकून घेतले. नंतर कल्याणच्या बाजारपेठेत प्रयत्न झाला, पण तिथे या मालाला गिऱ्हाईक नव्हते. एका अडत्याने तांदळाच्या पोत्यावर बसल्या बसल्या विचारले, की सगळेच गप्प बसले तर भाव कोण सांगणार. साहेबांनी त्यावर विचार करण्यासाठी तिथेच मौन धरले, आणि तेवढ्यात हमालांनी त्यांना पोत्यांसह बाजूला सरकवले.

माझ्या नोकरीची कल्याणात थट्टा होत असे. मित्र विचारत, अरे, तिथे कुणी बोलतच नाही, मग तू भाषांतर कशाचे करतोस? हा प्रश्न अज्ञानाचा आहे. विलायती मौन आणि मराठी मौन यांत पुष्कळ अंतर आहे. विलायती मौनात माणूस देवाची वाट पाहतो. मराठी मौनात समोरचा आधी बोलतो का याची. हे अंतर साहेबांना जाणवू न देणे हेच माझे काम होते, आणि ते मी चोख केले. तसे पाहता जिल्ह्यातल्या कुठल्याही दुभाष्याला इतके अवघड काम नव्हते.

अशा निराशेच्या दिवसांत आम्हाला चिंचखार सापडले.

चिंचखार हे ठाकुर्लीच्या खाली, खाडीच्या काठाला लागून असलेले आगऱ्यांचे गाव. थोडी मिठागरे, बाकी खाजणातली भातशेती. गावाचे दोन पाडे, उगवतीचा आणि मावळतीचा, आणि मधे एक अरुंद गल्ली. उगवतीला तुळसाबाई नावाची एक विधवा राही. तिची एकुलती एक लेक मंजुळा मावळतीच्या पाड्यात गुणाजी म्हात्रे यांच्या घरी दिली. लग्नाच्या पंगतीला जिताडा मासा होता. जिताड्याचे डोके मानाच्या माणसाच्या पानात पडते. ते व्याही म्हणून गुणाजींना जायला हवे होते, की गावचे पाटील म्हणून उगवतीच्या धाकू पाटलांना, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. वाढप्याने घाबरून ते दोघांच्या मधल्या पानात वाढले. ते पान कल्याणच्या एका वाण्याचे होते, जो मासे खात नसे आणि त्या पंगतीत चुकून बसला होता.

तेव्हापासून दोन्ही पाड्यांत अबोला. मंजुळेने सासरचा उंबरा ओलांडला आणि त्याच घटकेपासून आईशी बोलायची बंद झाली, कारण ती आता मावळतीची झाली होती. रोज सकाळी मायलेकी गल्लीच्या दोन बाजूंना आपापले अंगण झाडत, एकमेकींकडे बघत, आणि झाडू ठेवून आत जात. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा अबोल्याला अकरा वर्षे झाली होती. दोन्ही अंगणे अतिशय स्वच्छ होती.

भांडण आणि अबोला यांत कुणी गल्लत करू नये. भांडण कुणालाही करता येते; अबोला ही व्यवस्था आहे, आणि तिला नियम लागतात. चिंचखारला जो आधी बोलेल तो हरला, आणि हरणाऱ्या पाड्याने समोरच्या पाड्याला जेवण घालून माशाचे डोके वाढायचे, हा मुख्य नियम. एकदा खोकणे माफ. लागोपाठ दोनदा खोकणे ही हाक समजली जाई. सुरुवातीला म्हशीमार्फत बोलण्याची सवलत होती. ('ए म्हशी, त्यांना सांग, त्यांचा गोठा पेटलाय.') पण एका म्हशीच्या निरोपावरून मारामारी झाल्यावर दोन्ही पाड्यांच्या पंचांनी आपापल्या ओट्यावर बसून एकाच दिवशी ती सवलत काढून टाकली. दोन्ही ठरावांची भाषाही सारखीच होती. इतके एकमत मी पुढे कुठल्याही सभेत पाहिले नाही.

साहेब या गावात आले ते वाट चुकून. उन्हे कलली होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओट्यांवर माणसे बसली होती, म्हातारी, तरणी, बायका, पोरे, आणि कुणी चकार शब्द काढत नव्हते. साहेब बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मला हळूच विचारले, "यांना हे कुणी शिकवले?" मी म्हणालो, "कुणी नाही. त्यांचे आतूनच आले आहे." हे अक्षरशः खरे होते.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडाशी मांडव उभा राहिला, अर्धा उगवतीत, अर्धा मावळतीत. कल्याणहून बाके आली. साहेबांना वाटले होते की सुरुवातीला दहा-बारा माणसे येतील. पहिल्याच पहिल्या वारी (रविवार हे नाव सूर्यावरून पडले म्हणून साहेब ते उच्चारत नसत) सगळा गाव हजर. याचे कारण साधे होते: न येणाऱ्याला समोरच्याचे तोंड पाहण्याची भीती वाटते असा अर्थ झाला असता. आणि एकदा बसल्यावर आधी उठणे म्हणजे हार. त्यामुळे चिंचखारची मौनसभा इतकी खोल आणि इतकी लांब चाले की खुद्द साहेबांनाच मधून मधून पाय मोकळे करायला बाहेर जावे लागे.

सभा संपवण्याची क्वेकरांची रीत अशी, की पुढच्या बाकावरच्या दोन वडीलधाऱ्यांनी हातात हात द्यायचा. पुढच्या बाकावर धाकू पाटील आणि गुणाजी शेजारी शेजारी बसत, पण ते एकमेकांचा हात धरण्यापेक्षा इंगळी धरतील हे मला माहीत होते. म्हणून मी साहेबांना सांगितले की इथल्या रिवाजाप्रमाणे हात साहेबांनी आणि दुभाष्यानेच मिळवायचा असतो. तो रिवाज दोन वर्षे सुरळीत चालला.

विलायतेतल्या कमिटीला साहेब दर तिमाहीला कळवत. दोन वर्षांत मारामारी शून्य, शिवीगाळ शून्य, मोठ्याने उच्चारलेले शब्द शून्य. तिकडे म्हणे यावर एक पुस्तिका निघाली, आणि मांडवाला कौले घालण्यासाठी बायकांनी मोजे विणून विकले. शांततेचे असे गाव पृथ्वीच्या पाठीवर दुसरे नाही असे त्या पुस्तिकेत म्हटले होते, आणि मला तरी ते खोटे वाटत नाही.

अर्थात अशी शांतता आपोआप टिकत नाही. तिला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. एकदा धाकू पाटलांचा नातू गल्लीत पडला आणि गुणाजींनी त्याला उचलून पाटलांच्या पुढे आणला. दोन्ही म्हाताऱ्यांची तोंडे उघडलेली मी स्वतः पाहिली. सगळ्या कार्यावर पाणी पडणार होते. मी धावत जाऊन पोर मधल्या मधे उचलले, एवढेच नव्हे तर त्याला हळूच चिमटाही काढला, म्हणजे त्याने भोकाड पसरले आणि दोघांना काही बोलण्याची सोय उरली नाही. शांततेसाठी झटणाऱ्यांना असे कटू प्रसंग येतातच.

खरी परीक्षा मात्र बांधाने घेतली.

खाजणाची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगितले पाहिजे, की ती खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली असते. खारे पाणी बाहेर रोखून धरणारा मातीचा बांध असतो, म्हणून भात होते. पाणी एकदा आत शिरले की पुढली तीन-चार वर्षे त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. चिंचखारच्या बांधाचा अर्धा भाग उगवतीने सांभाळायचा, अर्धा मावळतीने, आणि दोन्ही जिथे मिळतात तो मधला तुकडा, त्याला नाका म्हणत, दोघांनी मिळून. नाक्याला एकट्याने हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. एका पाड्याने दुसऱ्याला हाक मारायची, मग दोघांनी माती टाकायची, अशी वाडवडिलांची रीत. हाक मारणे म्हणजे बोलणे. तेव्हा अकरा आणि दोन, तेरा वर्षांत नाक्यावर कुणी पाटीभर माती टाकली नव्हती. आणि नाक्याला लागून आतल्या अंगाला जे शेत होते ते तुळसाबाईचे. तिच्याकडे दुसरे काही नव्हते.

त्या भाद्रपदात नाका पाझरू लागला. अवसेला मोठे उधाण येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होते. सगळे रोज बांधावर जात, आपापल्या हद्दीत उभे राहून नाक्याकडे बघत, एकदा खोकत, आणि परत येत.

तुळसाबाई मला भेटायला कल्याणला चालत आली. मी ओसरीवर सुपारी कातरत होतो.

"पंत, सायबाला सांगा ना," ती म्हणाली. "त्याचा सबूद दोगंबी मोडनार नाय. तो बोल्ला तर कोन आदी बोल्ला ह्यो सवालच नाय येत."

मी तिला समजावले की पंथात हुकूम देण्याची पद्धत नाही. साहेब कुणाला काही करा म्हणून सांगत नाहीत, ते फक्त वाट पाहतात.

"कशाची?"

"आतल्या उजेडाची."

तिने माझ्या अडकित्त्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुमच्या सभेत उटून जो बोलतो, तो कोनाशी बोलतो?"

"कुणाशीच नाही. उजेड त्याच्या तोंडून बोलतो."

"म्हंजे तो मानूस आदी बोल्ला, आसं धरत नाय?"

"पंथाच्या नियमाने नाही."

"बाईलाबी पडतो उजेड?"

"पडतो. तसा नियमच आहे."

"मंग मना येत्या सभेला पडनार हाय," तुळसाबाई म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

मला मान्य केले पाहिजे की युक्ती बिनतोड होती. दोन वर्षे मी त्या नियमांचे भाषांतर करत होतो, पण त्यांचा काही उपयोग होऊ शकतो हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

अवस नेमकी पहिल्या वारी आली. उधाणाची वेळ दुपारची. सभा सकाळी भरली. साहेबांनी त्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले, की आज हात आपण दोघांनी मिळवायचा नाही. विलायतेहून पत्र आले होते. गावातल्याच दोन वडीलधाऱ्यांनी अंतःप्रेरणेने हात मिळवून सभा संपवावी अशी कमिटीची फार इच्छा होती. तोपर्यंत बसून राहायचे. साहेबांनी खिशात बिस्किटे आणली होती.

थोड्या वेळाने तुळसाबाई उभी राहिली. आजवर त्या मांडवात कुणी उभे राहिले नव्हते. ती समोर बघून, म्हणजे कुणाकडेच न बघता, म्हणाली, "नाका फुटतोय. सकालपासून धार लागलीय. दोन पाडं मिलून माती टाकतील तं थांबंल. न्हाय तं भरतीला समदं खाजन जाईल. माजं आदी, मंग समद्यांचं." आणि खाली बसली.

मी शब्द न् शब्द साहेबांना सांगितला. कसूर केली नाही. साहेबांनी टोपी काढली. (ती देवासाठीच काढतात, हे वर आलेच आहे.) "किती खोल," ते पुटपुटले. "खरेच, आपल्या प्रत्येकाच्या आत एक बांध आहे." मी त्यांना सांगितले की हा बांध बाहेरचा आहे, मांडवातून दिसतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केले. पंथाचा नियम असा, की कुणाच्या आतला उजेड बोलला तर त्यावर कुणी उत्तर द्यायचे नाही, चर्चा करायची नाही, लगबगीने उठायचे तर मुळीच नाही. जे ऐकले ते शांतपणे आत मुरू द्यायचे. (बांधातही हेच चालू होते.)

हा नियम दोन्ही पाड्यांना फार पटला. धाकू पाटलांनी गुणाजींकडे न पाहता पाहिले. गुणाजींनी बूड जरासे उचलले, पाटील उठत नाहीत हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितले, आणि पुन्हा टेकले. मागच्या बाकांवर तरण्या पोरांची चुळबूळ झाली. म्हाताऱ्यांनी नुसते वळून पाहिले, ती थांबली. शंभरावर माणसे, सगळ्यांना काय करायचे ते माहीत, सगळ्यांच्या घरी फावडी, आणि कुणी जागचे हलत नव्हते. साहेब मला नंतर म्हणाले की असे एकचित्त त्यांनी यॉर्कशायरमध्येही अनुभवले नव्हते.

तुळसाबाई पुन्हा उभी राहिली. मी तिला खुणेने खाली बसवू लागलो आणि कुजबुजलो, "अगं, एका सभेत एकदाच. दुसऱ्यांदा उजेड पडत नाही."

"आनि पानी?" ती मोठ्याने म्हणाली. "त्याला सांगितलंय का, एकदाच ये म्हनून?"

ती बाकांमधून वाट काढत बाहेर पडली. कोपऱ्यातली पाटी तिने जाता जाता उचलली. मग मावळतीच्या बायकांच्या बाकावरून मंजुळा उठली. सासू सगुणाबाई शेजारीच होती. तिने सुनेचा पदर धरला, तोंडाकडे बघितले, पदर सोडला, आणि स्वतःच उठली. त्यानंतर उगवतीची आवडाबाई. त्यानंतर दोन्हीकडच्या बायका उठतच गेल्या, आणि बाके एका अंगाने रिकामी झाली. एकीनेही एकीला हाक मारली नाही, त्यामुळे नियम कुठलाच मोडला नाही.

साहेबांना वाईट वाटले. बायकांची आध्यात्मिक ताकद कमी पडली असे त्यांना दिसले. त्यांनी मला त्यांना परत आणायला पाठवले.

मी बांधावर गेलो. नाक्याचे भोक आता माणूस आडवा मावेल एवढे झाले होते आणि खाडी चढत होती. सुकी माती कुठेच नव्हती, सगळीकडे नुसता रबरबाट. टाकली की वाहून जाई. तुळसाबाईने एकदा चहूकडे पाहिले. मग ती स्वतःच्या शेतात उतरली आणि पोटरीला आलेले भात फावड्याने मुळासकट उपटू लागली. भाताच्या मुळांनी धरलेले ढेकूळ पाण्यात विरघळत नाही, हे तिला माहीत असणार. ती ढेकळे तोडी, मंजुळा उचली, पुढे सगुणाबाई, पुढे आवडाबाई, अशी हातोहात ती नाक्यापर्यंत जात. छातीभर पाण्यात चार-पाच जणी ती रचत होत्या. बोलत कुणीच नव्हते. एकदा ढेकूळ देता देता मंजुळेने आईचा हात ढेकळासकट धरला आणि लगेच सोडला नाही. मागे रांग खोळंबली, पण कुणी घाई केली नाही.

मला फार वाईट वाटले. परंतु मी नेमलेला होतो भाषांतरासाठी, आणि तिथे भाषांतर करण्यासारखे काही नव्हते. शिवाय अंगावर धुतलेले धोतर होते. मी मांडवात परत आलो आणि साहेबांना सांगितले की त्या यायला तयार नाहीत.

"काय करताहेत?"

"गप्प आहेत," मी म्हणालो.

साहेबांचे समाधान झाले.

भरती आली आणि ओसरली. मांडवात सभा चालूच होती. उन्हे उतरली तेव्हा धाकू पाटलांना बसल्या बसल्या झोप लागली, आणि त्यांचा हात घसरून गुणाजींच्या हातावर पडला. गुणाजींनी तो झटकला नाही, कारण झटकणे हे बोलण्यात जमा होते की नाही यावर पंचांचा निवाडा झालेला नव्हता. साहेब ताडकन उठले. सभा संपली. त्या रात्री विलायतेला जे पत्र गेले ते साहेबांनी तीनदा नव्याने लिहिले. मी शाई वाळवायला बसलो होतो, म्हणून मला माहीत.

बांध राहिला. चिंचखारचे खाजण वाचले. पुरुषांचे म्हणणे असे की आपण इतका वेळ हललो नाही म्हणूनच तो राहिला, आणि साहेबांचेही मत तेच पडले. पुढे आठवडाभर नाक्यावर भाताच्या लोंब्या वाऱ्याला डुलताना दिसत होत्या. साहेबांनी ते पाहून आणखी एक पत्र लिहिले. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर बांधावर उगवलेल्या भाताचे चित्र आहे.

शिस्तीचा प्रश्न म्हणून सभा अर्धवट सोडणाऱ्या बायकांची नावे सभासदांतून कमी करण्यात आली. बसून राहिलेल्यांच्या बाकांना पाठ लावण्यात आली. अबोला आहे तसाच आहे. झोपेतल्या हाताला शब्द म्हणता येत नाही, हे दोन्ही पाड्यांनी स्वतंत्रपणे ठरवले आहे. माझी नोकरी कायम झाली.

राहता राहिले नुकसान. ते फक्त एका शेताचे झाले, आणि तेही समुद्राने केलेले नसून मालकिणीने स्वतःच्या फावड्याने केलेले आहे, त्यामुळे त्याची जबाबदारी कुणावर टाकता येत नाही. तुळसाबाईच्या शेताच्या जागी आता एक खड्डा आहे, त्यात खारे पाणी आहे. तो बुजवायचा तर नाक्याजवळची माती लागेल. ती दोन्ही पाड्यांची. म्हणजे दोन्ही पाड्यांचे बोलणे व्हायला हवे.

ही हकीकत मी कल्याणात आणि ठाण्यात पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लोक जिताड्याला हसतात, म्हशीला हसतात, साहेबाच्या टोपीला तर फारच हसतात. तुळसाबाई आता काय खाते, हे मात्र मला अजून कुणी विचारलेले नाही. तुम्हीही नाही. खड्ड्यापाशी तुम्ही थोडे थांबलात, काहीतरी म्हणावे असे तुमच्या मनात आले, आणि मग तुम्ही पुढची ओळ वाचायला घेतली. संकोचू नका, आमच्या मंडळात यालाच पात्रता म्हणतात. बायका गेल्यापासून बाकांवर जागाही पुष्कळ आहे. या, बसा. बोलायची काही गरज नाही.